जुन्या इंग्रजी मोटारीची तेलगळती आणि तिचा उपाय

ज्या वस्तूवर आपलें प्रेम बसतें तिचा दोष आपण आधीं हंसण्यावारीं नेतों, मग लपवितों, आणि शेवटीं त्याच दोषापायीं पैसा व झोप हीं दोन्ही घालवून बसतों. आम्हांस हा अनुभव एका जुन्या मोटारीनें दिला. कांहीं वर्षें आम्ही इंग्लंडांत ऑक्सफर्डच्या आसपास राहत होतों. त्या वेळीं सन १९६३ सालीं बनलेली एक एम्. जी. बी. गाडी आम्हीं विकत घेतली. गाडी दोन माणसांची, उघड्या टपाची, ठेंगणी व लाल रंगाची. तिचें रूप सुरेख, आवाज गोड, आणि खोड एकच : ती जेथें उभी राही तेथें तेलाचा डाग ठेवून जाई. त्या देशांत अशा गाड्यांविषयीं एक जुनी थट्टा आहे. गाडीखालीं तेल दिसत नसेल तर आंत तेल उरलेलें नाहीं असें समजावें, असें लोक म्हणतात. आम्हीहि ही थट्टा ऐकून हंसलों. परंतु थट्टेनें गळती थांबत नाहीं. ती कशी शोधावी, कशी बंद करावी, आणि कोणती गळती क्षम्य व कोणती जिवावर बेतणारी, याविषयीं आम्ही जें शिकलों तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

शाळेच्या वार्षिकांत या परदेशी गाडीचें पुराण कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, या गाडीचें एक भावंड आपल्या चांगल्या परिचयाचें आहे. अँबॅसिडर गाडी पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथें सन २०१४ पर्यंत तयार होत होती. तिचें १४८९ घन सेंटिमीटरचें पेट्रोल एंजिन आणि सन १९५५ मध्यें निघालेल्या एम्. जी. ए. गाडीचें एंजिन हीं एकाच कुळांतलीं. तेंच पुढें वाढवून १७९८ घन सेंटिमीटरचें केलें व एम्. जी. बी.मध्यें बसविलें. तेव्हां सरकारी कचेरीसमोरील पांढऱ्या अँबॅसिडरखालीं काळा डाग ज्यानें पाहिला असेल त्यास ही कथा अगदींच परकी वाटूं नये.

एम्. जी. हीं ऑक्सफर्ड येथील मॉरिस गॅरेजेस या पेढीचीं आद्याक्षरें होत. या गाड्यांचा कारखाना सन १९२९ पासून १९८० पर्यंत टेम्स नदीकांठच्या अबिंग्डन गांवीं होता. एम्. जी. बी. तेथें सन १९६२ मध्यें निघाली आणि कारखाना बंद होईतों पांच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. म्हणून तिचे सुटे भाग आजहि सहज मिळतात, आणि धनिक नसलेला मनुष्यहि ती बाळगूं शकतो. मात्र त्यानें हात काळे करण्यास लाजतां कामा नये.

आमच्या गाडीची गळती पहिल्याच वर्षीं वाढली. एंजिन व गिअरपेटी यांच्यामध्यें क्लचचें घर असतें व त्याच्या तळाशीं एक लहान छिद्र असतें. थेंब पडत ते या छिद्रांतून. आम्ही गाडी एका दुरुस्तीच्या कारखान्यांत नेली. तेथील मनुष्यानें खालीं वांकून पाहिलें न पाहिलें तोंच निकाल दिला, "क्रँकशाफ्टचें मागचें ऑइल सील गेलें आहे. एंजिन बाहेर काढावें लागेल." त्यानें सांगितलेला खर्च ऐकून गाडी विकून टाकावी असें आमच्या मनांत आलें. आमच्या शेजारीं एक वयोवृद्ध इंग्रज गृहस्थ राहत. त्यांचें सारें आयुष्य अशाच गाड्या दुरुस्त करण्यांत गेलें होतें. आम्हीं त्यांना हकीकत सांगितली तेव्हां ते हंसून म्हणाले, "तुमच्या एंजिनास मागें सील मुळीं नाहींच. मग तें जाईल कोठें?"

हें बोलणें समजण्यास थोडें विवेचन केलें पाहिजे. एम्. जी. बी.च्या पहिल्या एंजिनांत क्रँकशाफ्ट तीन बेअरिंगांवर फिरत असे. सन १९६४ च्या अखेरीस पांच बेअरिंगांचें एंजिन आलें आणि त्याला मागील टोंकाशीं रबरी ओठाचें सील मिळालें. त्यापूर्वींच्या एंजिनांत सीलऐवजीं शाफ्टवर स्क्रूसारखा एक पीळ कोरलेला असतो. शाफ्ट फिरूं लागला कीं हा पीळ बाहेर येऊं पाहणारें तेल पुन्हा आंत ढकलतो. शाळेंत आर्किमिडीजच्या स्क्रूनें पाणी उपसण्याची कृति आपण शिकलों. तेंच तत्त्व येथें तेलास लावलेलें आहे. अर्थात् एंजिन थांबलें कीं पिळाचें कामहि थांबतें, आणि तेथें उरलेले एकदोन थेंब बाहेर ओघळतात. ती त्या रचनेची प्रकृति आहे, व्याधि नव्हे. परंतु रात्रभरांत तळहाताएवढा डाग पडत असेल तर त्याचें कारण दुसरीकडे शोधावयास हवें.

शेजाऱ्यांनीं आम्हांस एक मंत्र दिला : "आधीं पुसा, मग पाहा, आणि अगदीं शेवटीं पाना उचला." सामान्य मनुष्य याच्या नेमकें उलट करतो. डाग दिसला कीं तो पाना घेऊन सारे बोल्ट आवळीत सुटतो. यानें गळती बहुधा वाढते. तें कसें हें पुढें येईल.

पुसावयाचें कशासाठीं? तेल जेथें निघतें तेथें पडत नाहीं. तें एंजिनाच्या अंगावरून खालीं ओघळतें, आणि गाडी चालत असतां समोरून येणारा वारा त्यास मागें ढकलतो. म्हणून एंजिनाच्या माथ्यावर निघालेलें तेल क्लचच्या घराखालीं टपकतें व निरपराध भागावर आळ येतो. खरा उगम म्हणजे ओल्या भागांतील सर्वांत वरचें व सर्वांत पुढचें ठिकाण, हा पहिला नियम. परंतु सारें एंजिन वर्षानुवर्षांच्या चिखलानें माखलेलें असतां तें ठिकाण दिसावें कसें? आम्हीं एंजिन थंड असतां, विस्तवापासून दूर, ब्रश व रॉकेल घेऊन सर्व बाजू धुतल्या, चिंध्यांनीं कोरड्या केल्या, आणि संशयित सांध्यांवर शंखजिऱ्याची पूड भुरभुरली. मग एंजिन चालवून तापविलें व बंद करून विजेरीच्या उजेडांत पाहिलें. कोरड्या पांढऱ्या पुडीवर तेलाची रेघ लपूं शकत नाहीं. अलीकडे तेलांत चमकणारा रंग मिसळून अतिनील किरणांच्या दिव्याखालीं पाहण्याचीहि सोय झाली आहे; तत्त्व मात्र तेंच.

थेंब कोणत्या तेलाचा हेंहि ओळखतां आलें पाहिजे. गाडीखालीं रात्रीं एक पांढरा पुठ्ठा पसरावा व त्यावर चारी चाकांच्या जागा आंखून ठेवाव्या. सकाळीं डाग कोणत्या भागाखालीं आहे तें कळतें. एंजिनाचें तेल वापरानें काळें पडतें. या गाडीच्या गिअरपेटींतहि एंजिनाचेंच तेल घालतात, परंतु तेथें ज्वलनाची काजळी नसल्यामुळें तें बरेंच स्वच्छ राहतें. मागील आंसाचें तेल दाट असतें व त्यास गंधकाचा उग्र वास येतो. एवढ्या परीक्षेनें निम्मा संशय फिटतो.

आमच्या पुठ्ठ्यावरील डाग काळा होता, म्हणजे तेल एंजिनाचेंच. आणि पुडीवरील रेघ निघाली ती एंजिनाच्या डाव्या कुशींतून. तेथें टॅपेटांच्या कप्प्यावर पत्र्याचीं दोन झांकणें असतात. आपल्याकडील मिस्त्री एंजिनाच्या माथ्यावरील झांकणास टॅपेट कव्हर म्हणतात. येथें अभिप्रेत आहेत तीं कुशींतलीं झांकणें. तीं कार्ब्युरेटर व एक्झॉस्टच्या नळकांड्याखालीं दडलेलीं असल्यामुळें सहसा कोणी त्यांकडे पाहत नाहीं. मागच्या झांकणाच्या खालच्या कडेपासून तेलाची बारीक धार ब्लॉकवरून उतरून थेट क्लचच्या घराकडे गेली होती. ज्या गळतीसाठीं एंजिन बाहेर काढावयाचें होतें तिचें मूळ हातभर अंतरावरील एका पत्र्याच्या झांकणांत सांपडलें.

तें झांकण काढण्यासाठीं कार्ब्युरेटर व नळकांडीं उतरवावीं लागलीं. यांत आमचे दोन रविवार गेले. झांकण हातीं येतांच गळतीचें कारणहि कळलें. प्रत्येक झांकण मधोमध एकाच बोल्टनें धरलेलें असतें. पूर्वीच्या कोणा मालकानें गळती थांबावी म्हणून तो बोल्ट शक्ति लावून आवळला होता. त्यामुळें पत्रा मध्यें दबून कडा उचलल्या गेल्या, आणि बुचाचें पॅकिंग कडेला सैल पडलें. जितकें आवळावें तितकें गळावें, असा हा उलटा न्याय आहे. पॅकिंगचें काम दोन पृष्ठभागांमधील बारीक उंचसखलपणा भरून काढण्याचें. त्यास सर्वत्र सारखा व बेताचा दाब हवा. एके ठिकाणीं जोर दिला कीं दुसरीकडे फट पडते.

आम्हीं झांकण लांकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातानें ठोकून सरळ केलें व पोलादी पट्टी लावून कडा समपातळींत आल्याची खात्री केली. जुन्या पॅकिंगचा कण न् कण खरडून काढला. नवें पॅकिंग झांकणाच्या बाजूनें चिकटवून ब्लॉकच्या बाजूस केवळ ग्रीसचा हात फिरविला, म्हणजे पुढील वेळीं तें न फाटतां निघावें. बोल्टखालील वायसरहि नवा घातला, कारण तेल बोल्टच्या भोंकांतूनहि बाहेर येतें. माथ्यावरील झांकणाची रीतिहि हीच. त्याच्या दोन नटांखालीं रबरी बुशें असतात. रबर कडक झालें असेल तर पॅकिंग नवें असूनहि तेल पाझरतें. एंजिनाच्या तळाच्या तेलपात्रास आपले मिस्त्री चेंबर म्हणतात. त्याच्या कडेवरील बोल्टांच्या भोंकांभोंवतीं पत्रा वर ओढला जाऊन उंचवटे झालेले असतात. ते ठोकून सपाट केल्यावांचून नव्या पॅकिंगचा उपयोग नाहीं. पुष्कळजण नळींतला चिकट लेप जाडसर लावून मोकळे होतात. परंतु जादा लेप आंत पिळून निघतो, त्याचे तुकडे सुटतात, आणि ते तेलपंपाच्या जाळींत अडकले तर एंजिन तेलावांचून मरतें. लेप लावावयाचाच तर पातळ लावावा.

तेल सोडण्याच्या बुचाखालीं तांब्याचा वायसर असतो. तो एकदां दाबला गेला कीं तांबें कठीण होतें व पुन्हा नीट बसत नाहीं. नवा न मिळाल्यास जुनाच मंद लाल होईतों तापवून थंड करावा, म्हणजे धातु पुन्हा मऊ होतो. शाळेंत वाचलेलें असें कामीं येतें तेव्हां मोठा आनंद होतो.

परंतु शेजारी एवढ्यानें संतुष्ट झाले नाहींत. त्यांनीं विचारलें, "एंजिनाचा श्वास मोकळा आहे का?" दट्ट्यांच्या कड्या कितीहि चांगल्या असल्या तरी ज्वलनाचा थोडा वायु त्यांच्या बाजूनें खालीं उतरतोच. त्यास बाहेर जाण्यास वाट हवी. आमच्या गाडीइतक्या जुन्या एंजिनांत टॅपेटच्या पुढच्या झांकणावरून एक नळी खालीं उघड्या हवेंत सोडलेली असते. सन १९६४ पासूनच्या गाड्यांत हा वायु पुन्हा एंजिनांत ओढून घेण्याची योजना झाली. ही वाट चोंदली तर आंत दाब वाढतो, आणि तो तेलास प्रत्येक सांध्यांतून बाहेर ढकलतो. आमची नळी काळ्या गाळानें जवळजवळ बुजली होती. ती धुतली नसती तर नवें पॅकिंगहि लवकरच गळूं लागलें असतें. म्हणून अनेक ठिकाणीं एकदम गळती दिसली कीं आधीं श्वासनलिका पाहावी. ती स्वच्छ असूनहि तेल भरण्याचें टोपण उघडतांच धूर जोरानें फुसफुसत येत असेल, तर कड्या झिजल्या आहेत असें समजावें. तेथें पॅकिंगचा इलाज चालत नाहीं.

आतां महत्त्वाचा भाग. सर्व गळत्या सारख्या नसतात. आतांपर्यंत वर्णिल्या त्या शिंतोड्यांच्या तेलाच्या गळत्या. त्या संथ असतात. दाबाखालील तेलाची गळती मात्र निराळी. या एंजिनांत धांवतेवेळीं तेलाचा दाब चौरस इंचास ५० ते ८० पौंड असतो. तेलाच्या फिल्टरचा, दाबमापकाच्या नळीचा, अथवा तेल थंड करणाऱ्या जाळीच्या नळ्यांचा सांधा सुटला तर सारें तेल थोड्याच वेळांत रस्त्यावर जातें. फिल्टर बदलतांना एक चूक वारंवार होते. जुन्या पद्धतीच्या फिल्टरचें भांडें एका खांचेंतील रबरी कड्यावर बसतें. जुनें कडें खांचेंत चिकटून राहतें, तें न काढतां त्यावर नवें ठेवलें जातें, आणि एंजिन सुरू होतांच तेलाची चिळकांडी उडते. म्हणून फिल्टर बदलल्यावर बॉनेट उघडें ठेवूनच एंजिन सुरू करावें व सांध्याकडे पाहावें. दाबमापकाचा कांटा अकस्मात् खालीं आला तर घर जवळ आहे, एवढें अंतर निभेल, असा विचार न करितां तत्क्षणीं एंजिन बंद करावें.

याहून भयंकर गळती चाकाजवळची. मागील आंसाच्या टोंकांशीं सील असतात. आंसाची श्वासनळी चोंदली किंवा तेल प्रमाणाबाहेर भरलें तर तें सील ओलांडून ब्रेकच्या ड्रममध्यें जातें. चाकाच्या आंतील बाजूस तेलाची रेघ दिसली, अथवा ब्रेक दाबतांच गाडी एका अंगास ओढूं लागली, तर ती गाडी रस्त्यावर नेऊं नये. तेल प्यालेले ब्रेकचे लायनर धुवून पुन्हा वापरणें ही आत्मवंचना होय. ते बदललेच पाहिजेत. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, म्हणून त्यांची धूळ फुंकून उडवूं नये. आणि गाडीखालीं शिरण्यापूर्वीं ती भक्कम घोड्यांवर टेकलेली असावी. केवळ जॅकच्या भरंवशावर खालीं जाणें म्हणजे मृत्यूस निमंत्रण.

ब्रिटनमध्यें सन २०१८ पासून, मोठे फेरबदल न केलेल्या व चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांस वार्षिक तपासणीची सक्ति राहिलेली नाहीं. पुष्कळांस ही सवलत वाटली. आम्हांस मात्र तिचा भार वाटला. परीक्षक नाहीं याचा अर्थ परीक्षा नाहीं असा होत नाहीं. ती आपली आपणच घ्यावयाची एवढेंच. आमचें तेल रस्त्यावर सांडलें व पावसांत त्यावरून कोणा सायकलस्वाराचें चाक घसरलें, तर अपराध आमचाच.

एक लहानसें गणित पाहूं. दर शंभर फुटांस एक थेंब पडतो असें समजा. पांचशें मैलांत २६,४०० थेंब पडतील. तीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी तें ८८० मिलिलिटर तेल होतें. एंजिनांत सारें मिळून चार लिटरांहून थोडेंच अधिक तेल असतें. म्हणजे "एक थेंब तर पडतो" असें म्हणत आपण पांचवा हिस्सा रस्त्यास देऊन बसतों. तें तेल अखेर गटारांतून नदीस जातें. दुरुस्तींत निघालेलें जुनें तेल आम्ही डब्यांत भरून गांवच्या टाकाऊ वस्तूंच्या केंद्रावर नेऊन देत असूं; तें गटारांत ओतणें त्या देशांत गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरीहि तें वाईटच.

सर्व काम झाल्यावर आम्हीं पुन्हा पुठ्ठा पसरला. सकाळीं त्यावर दोन थेंब होते. आम्हीं खिन्न होऊन शेजाऱ्यांना बोलावलें. त्यांनीं पुठ्ठा हातीं घेऊन पाहिला व म्हटलें, "हे त्या पिळाचे. त्यांच्यासाठीं एंजिन उघडूं नका. पुढें कधीं तें दुसऱ्या कारणानें उघडावें लागलें, तर तेव्हां बेअरिंगें तपासा." बेअरिंगें झिजलीं कीं शाफ्ट मध्याशीं राहत नाहीं, व पीळ आपलें काम नीट करूं शकत नाहीं, हेंहि त्यांनीं समजाविलें. आम्ही गाडीखालीं एक थाळी ठेवूं लागलों. एंजिन बाहेर काढण्याचा प्रसंग पुढें आलाच नाहीं. आम्ही इंग्लंड सोडलें तेव्हां गाडी त्याच गृहस्थांच्या नातवाच्या हवालीं केली, आणि तिच्याबरोबर ती थाळीहि दिली.

कारखान्यांतील त्या मनुष्यास आम्ही दोष देत नाहीं. त्यानें थेंब पाहिला, परंतु थेंबाची वाट पाहिली नाहीं. हीच चूक आम्ही सर्वजण केवळ मोटारीपुरतीच करतों असें नाहीं. जेथें डाग दिसतो तेथेंच दोष आहे असें ठरवून आपण मोठ्या उपायांस हात घालतों, व खरें कारण वर कोठेंतरी एका लहानशा झांकणाखालीं तसेंच राहतें. आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींस एवढेंच सांगणें आहे : सायकल असो, शिवणयंत्र असो कीं विहिरीवरील पंप असो, बिघडलेल्या यंत्रापुढें उभे राहाल तेव्हां आधीं पुसा, मग पाहा, आणि अगदीं शेवटीं पाना उचला.